कागद हलेना!
आज ठाण्यात इंग्रजी शिकवणाऱ्यांचं संमेलन होतं. सकाळची भाषणं ऐकली, म्हणजे बसून काढली. मजा आली ती जेवणानंतर. ओठांसमोर कागदाची पट्टी धरायची आणि ‘पेन’ म्हणायचं. इंग्रज माणसाच्या ‘प’बरोबर हवेचा झोत येतो, पट्टी हलते, ‘स्पिन’मधल्या ‘प’ला मात्र हलत नाही. माझी पट्टी दोन्हीकडे ढिम्म! शेजारच्या बाई तर चक्क फुंकर मारत होत्या. २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हापासून शिकवतेय मी, आणि हे आज कळतंय! येताना तलावपाळीला भेळ घेतली. तिच्या कागदासमोर ‘पेन, पेन’ चालू होतं. भेळवाले काका शेवटी म्हणाले, “मॅडम, पेन नाहीये हो माझ्याकडे.”