रिबन भरून मिळेल

आमच्या प्रिंटर दुरुस्तीच्या दुकानाच्या पाटीवर सगळ्यात खाली 'रिबन भरून मिळेल' अशी ओळ आहे. रिबन म्हणजे जुन्या प्रिंटरमधली शाईची फीत. नवीन गिऱ्हाईक ती वाचून हसतं. ही ओळ आम्ही २००६ साली पुसली आणि २०१७ साली त्याच पेंटरला बोलावून परत लिहून घेतली. पैसे दोन्ही वेळी मोजले.

दुकान १९९६चं. कराडात एका टायपिंग क्लासच्या जिन्याखाली आठ बाय दहाचा गाळा, सोल्डरिंग गन, मल्टिमीटर आणि उधारीवर आणलेला, एका ओळीत १३२ अक्षरं मावणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, एवढ्यावर सुरुवात केली. गिऱ्हाईक म्हणजे पतसंस्था, ट्रान्सपोर्टवाले आणि ऊसबिलं काढणारी मंडळी. हेडमध्ये नऊ किंवा चोवीस बारीक पिना, त्या रिबनवर आपटतात आणि कागदावर ठिपका उमटतो. महिनाअखेरीला पतसंस्थेत फोनवर बोलणारा माणूस दुसऱ्या कानात बोट घालून बसलेला असायचा.

त्या पिनांनी आमचं पोट भरलं. रिबन झिजून धागे सुटले की पिन त्यात अडकून मोडायची आणि छपाईतून आडवी पांढरी रेघ जायची. इंग्रजीत ती खपून जाई. मराठीत नेमकी शिरोरेषा गेली, की सभासदाला स्वतःचंच नाव लागायचं नाही. मराठी छापणं तेव्हा मुळातच जिकिरीचं. बहुतेक प्रिंटरांच्या पोटात देवनागरी अक्षरं नसायची. संगणक त्यांचं चित्र करून पाठवायचा आणि नऊ पिनांचा प्रिंटर ते रडतखडत काढायचा. हेड दुरुस्तीला मुंबईला लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात पाठवायचो, पुढे भिंगाखाली पिन बदलायला मीच शिकलो. रिबन भरण्याचं खातं पहिल्यापासून आमच्या सौं.कडे. बोटांची शाई आठ-आठ दिवस जायची नाही, हळदीकुंकवाला ती हात पदराआड धरून बसायची.

लेझर प्रिंटर मी पहिल्यांदा उघडला तो एका लग्नपत्रिकावाल्याचा. श्रीलिपी या मराठी सॉफ्टवेअरमध्ये पत्रिका जुळवायची, बटर पेपरवर लेझर प्रिंट काढायची आणि स्क्रीन प्रिंटिंगला द्यायची, असं त्याचं काम चाले. झाकण काढलं तर आत झेरॉक्स मशीनचाच धाकटा भाऊ! ड्रमवर वीजभार, लेझरने त्यावर अक्षरं काढायची, तिथे टोनरची पूड चिकटते आणि फ्यूजर ती तापवून कागदावर पक्की करतो. पुढे वाचलं, की ही कल्पना झेरॉक्स कंपनीतल्याच गॅरी स्टार्कवेदरची. १९७७ साली त्यातून ९७०० नावाचं खोलीभर मशीन निघालं. टेबलावर मावणारा लेझरजेट एचपीने १९८४ साली आणला, तोही कॅननच्या इंजिनावर. मिनिटाला आठ पानं.

शाईचे थेंब उडवून छापणाऱ्या इंकजेटचं आणि माझं कधी जमलं नाही. प्रिंटर स्वस्त, शाई महाग. उन्हाळ्याच्या सुट्टीला लोक गावाला जायचे आणि जूनमध्ये सुकलेलं हेड घेऊन दारात उभे. तरी त्यातली एक गोष्ट मला आवडते. १९७७ साली कॅननच्या प्रयोगशाळेत तापलेली सोल्डरिंग गन चुकून शाईच्या सिरिंजच्या सुईला लागली, आतली शाई उडाली, आणि त्यावरून उष्णतेने थेंब फेकण्याची युक्ती सुचली. माझ्या सोल्डरिंग गनने आजवर दोन टेबलक्लॉथ जाळलेत, शोध एकही लागलेला नाही.

मग आले एचपी १०२० आणि कॅनन एलबीपी २९०० हे छोटे लेझर प्रिंटर. आतलं यंत्र जवळजवळ एकच, कार्ट्रिजही जुळ्या भावांसारखी. तालुक्यातल्या ऑफिसा-ऑफिसांत दोघांपैकी एक दिसू लागला आणि 'बारा ए' हा एचपीच्या कार्ट्रिजचा नंबर शिपायांच्याही तोंडी बसला. टोनर रिफिलिंगला रांग लागली. मी डॉट मॅट्रिक्स संपला असं जाहीर केलं, रिबनचा साठा किलोवर विकला, पाटी रंगवली. सौ. म्हणाली, "थांबा जरा." थांबलो नाही.

रिफिलिंगचा पहिला धडा जबर होता. सांडलेली पूड घरच्या व्हॅक्युम क्लीनरने ओढली. टोनर इतका बारीक, की फिल्टरमधून पार होऊन मागून धुरासारखा बाहेर आला, आणि मागे एका सोसायटीचे चेअरमन कडक पांढऱ्या कपड्यांत बसलेले. वर मी त्यांना गरम पाणी दिलं. टोनर म्हणजे प्लॅस्टिकची भुकटी, गरम पाण्याने ती कापडात मुरते. आधी झटकायचं, मग गार पाणी, हे त्या दिवशी कळलं. सदरा मी भरून दिला.

१ जुलै २०१७ला जीएसटी आला. मालाच्या बिलाच्या तीन प्रती: एक घेणाऱ्याला, एक वाहतूकदाराला, एक स्वतःला. लेझरवर तीन पानं काढायची. डॉट मॅट्रिक्सवर तीन पानी कार्बनलेस कागद घातला की एका ठोक्यात काम. कागदावर आपटणारा प्रिंटरच खालच्या प्रतीपर्यंत पोचतो, हे इतकी वर्षं धंदा करून मी विसरलो होतो. औषधांचे होलसेलवाले, ट्रान्सपोर्टवाले माळ्यावरचे प्रिंटर पुसून आणायला लागले. पेंटरने कारण विचारलं, मी चहा मागवला.

इंक टँकबद्दलही माझा अंदाज चुकला. आमच्याकडे पोरं इंकजेटच्या बाहेर बाटल्या बांधून नळ्यांनी शाई आत न्यायची, मी त्याला सलाईन म्हणायचो. पुढे कंपन्यांनीच टाक्या लावून प्रिंटर विकायला काढले. मी दोनच ठेवले होते. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये शाळा मोबाईलवर आल्या आणि वर्कशीट छापायला आईबाप फोनवर फोन करू लागले. माझ्याकडे द्यायला माल नव्हता.

थर्मल प्रिंटर आता मेडिकलपासून दूध संकलन केंद्रापर्यंत सगळीकडे आहेत. शाई नाही, रिबन नाही, कागदच तापून काळा होतो. पण वॉरंटीचं बिल त्यावर असेल तर आधी झेरॉक्स काढून ठेवा, वर्षभरात कोरा कागद उरतो.

सध्या दुकानात आम्ही दोघं आणि दोन पोरं. पावसाळ्यात कागद ओल धरून अडकतो, तेव्हा दिवसाला सात-आठ फेऱ्या होतात. शनिवारी पतसंस्थांची रिबन कार्ट्रिज येतात. त्या दिवशी सौ. काउंटरवर असते, हातमोजे घालून.