स्टेल्व्हिओ, पोर्शे आणि सायकलवाले
आज इटलीतला स्टेल्व्हिओ घाट चढलो, भाड्याच्या पोर्शेने. पायथ्याच्या प्रातो गावाकडून ४८ हेअरपिन वळणं, प्रत्येकाला नंबर, माथा २,७५७ मीटरवर. फोटोत हा रस्ता सुपरकारसाठीच बांधल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात बांधला ऑस्ट्रियन साम्राज्याने, १८२० ते १८२५ मध्ये, म्हणजे घोडागाड्यांच्या काळात! म्हणूनच वळणं इतकी चिंचोळी. रुंद, बुटक्या गाड्यांची इथे पंचाईतच. पुढची लॅम्बोर्गिनी सायकलवाल्यांच्या मागे निमूट चालली होती. इंजिनाचा आवाज मात्र डोंगरात असा घुमतो की काच खाली केल्याशिवाय राहवत नाही.

माझं मत विचाराल तर मोठ्या इंजिनाची खरी मजा ऑस्ट्रियातल्या ग्रॉसग्लॉकनर घाटरस्त्यावर. वळणं ऐसपैस आहेत (टोल भरावा लागतो, तो भाग वेगळा). उद्या तिकडेच, पहाटे, टुरिस्ट बस यायच्या आत.