पहिली नाईट आणि नोप्पी
चार वर्षं बीएस्सी नर्सिंग करून आलेली पोरगी, पहिल्या नाईटला कॅन्युला (शिरेत घालायची बारीक नळी) हातात धरून नुसती थरथरत होती, आणि बेडवरच्या विडी वळणाऱ्या आजी सारखं 'नोप्पी, नोप्पी' करत होत्या, हिला काही कळेचना. मी म्हणलं, अगं दुखतंय म्हणतायत, तेलुगू आहे ते, आधी हात धर त्यांचा. म्हातारी नाजूक शीर, 20 ची गुलाबी बाजूला ठेव, त्याहून बारीक 22 ची निळी घे. आलं की रक्त लगेच कॅन्युलाच्या चेंबरमधी, म्हणजे शीर सापडली!

कॉलेजात बाहुलीवर सगळं जमतं हो, पण सोलापुरात तेलुगू-कन्नडचे दहा शब्द कोण शिकवणार? नर्सिंगवर संशोधन करणाऱ्या मार्लिन क्रेमर बाईंनी 1974 लाच कॉलेजातून वॉर्डात आल्यावर बसणाऱ्या या धक्क्याला 'रिॲलिटी शॉक' म्हणलंय. नव्या पोरींवर अख्खा वॉर्ड टाकू नका, पहिले काही महिने सीनियर सोबत द्याच.