रामटेकला २३ गाईड्स, ४ मोठे आणि दोन दिवस

डिसेंबरातला शनिवार, पहाटेचे साडेपाच, शाळेच्या गेटपाशी एसटी उभी आणि थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघून राहिली होती. २३ पोट्ट्या, सगळ्या १० ते १५ च्या मधातल्या, पाठीवर सॅक, गळ्यात स्कार्फ, आणि प्रत्येकीची आई तेच तेच सांगून राहिली, स्वेटर काढू नको गं, कुठलंही पाणी पिऊ नको गं. मी पण त्यातलीच एक आई. माझी लेक सातवीत आहे, शाळेच्या गाईड पथकात, म्हणजे मुलींच्या स्काऊटमध्ये; तीन वर्षांआधी पथकाच्या कॅप्टन मॅडम म्हणाल्या ताई कॅम्पला मदतीला याल का, आणि तेव्हापासून मी जाते.

यावेळी आमच्यासोबत पहिल्यांदाच एक नवीन काकू होत्या, मदतीला म्हणून आलेल्या. बसमध्ये बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, ताई आपल्याला नेमकं करायचं काय असतं? मी तेव्हा काहीतरी सांगितलं, पण दोन दिवस तोच प्रश्न डोक्यात राहिला, म्हणून हे सगळं लिहून काढतेय. माझ्या अनुभवात हे काम दोनच गोष्टींचं आहे, पोरींवर काय सोडायचं आणि काय कुणावरच सोडायचं नाही. पहिली गोष्ट शिकायला मला लय वेळ लागला, आणि दुसरी मी चूक करून शिकले, ती चूक पण सांगते.

निघण्याआधीचं आधी. एसटी आम्ही प्रासंगिक करारावर घेतो, डेपोत आधी जाऊन पैसे भरून ठेवायचे, म्हणजे गाडी आपलीच, थांबा म्हटलं की थांबते. जिथे राहायचं होतं ती रामटेकजवळची शाळा, तिथल्या मुख्याध्यापकांचं लेखी पत्र, पालकांची संमतीपत्रं, आणि प्रत्येक मुलीचा एक फॉर्म. फॉर्मवर आम्ही पूर्वी फक्त नाव, पत्ता, फोन एवढंच घ्यायचो. मग एका वर्षी गेटपाशी, गाडी सुरू झाल्यावर, एक आई खिडकीतून म्हणाली "तिला थोडा दमा आहे बरं का, पंप सॅकमध्ये आहे." थोडा दमा! तेव्हापासून फॉर्मवर सरळ विचारतो, दमा आहे का, फिट येते का, कशाची ॲलर्जी, रोजची गोळी कोणती आणि किती वाजता, पाळी सुरू झाली आहे का, आणि फोन नंबर दोन, एक आईचा आणि एक असा माणूस जो रात्री २ वाजता फोन उचलेल. या सगळ्याच्या झेरॉक्स दोन मोठ्या माणसांकडे वेगवेगळ्या बॅगेत. औषधं मुलीच्या सॅकमध्ये ठेवायची नाहीत, नाव लिहिलेल्या पाकिटात आपल्याकडे ठेवायची, फक्त दम्याचा पंप तेवढा तिच्याच खिशात.

आणि नाश्ता. नागपूरची पोरं, सकाळी तर्री पोहे दिसले की थांबत नाहीत, पण बसच्या आधी तर्री अजिबात नको. साधे पोहे द्या, केळ द्या. कामठी ओलांडेपर्यंतच एकीला उलटी झाली, ती घरून सावजीचा रस्सा भात खाऊन आली होती, पहाटे पाच वाजता! पुढच्या सीटच्या मागे आम्ही प्लास्टिकच्या पिशव्या, जुने पेपर आणि लिंबू ठेवतो, ते कामी आलं.

कन्हानच्या पुलावर मी नव्या काकूंना पाण्याचा नियम सांगितला. नदी, तलाव, धरण, काही असो, आमच्या कॅम्पमध्ये पाण्यात कुणी उतरत नाही, घोट्याएवढ्या पण नाही. वाकीला कन्हानच्या डोहात बुडालेल्या पोरांच्या बातम्या आपण सगळ्यांनीच वाचल्यात, त्यातली किती तरी चांगली पोहणारी होती. वरून पाणी शांत दिसते, खाली डोह असतो, कुठे रेती काढल्याचा खड्डा असतो. हा नियम कॅप्टन मॅडम बसमध्येच सांगतात, पाण्याजवळ पोचल्यावर नाही, कारण तिथे पोचल्यावर कुणी ऐकत नाही.

मनसरवरून उजवीकडे वळलो की रामटेक आलंच, नागपूरहून साधारण ५० किलोमीटर. शाळेत सामान टाकलं आणि अंबाळा तलावाच्या बाजूने पायऱ्या चढून गडावर निघालो. आता ती चूक.

मागच्या वर्षी याच पायऱ्यांवर मी "शेपटी" होते. शेपटी म्हणजे सगळ्यात मागे चालणारा मोठा माणूस, त्याच्या मागे एकही मूल नको. अर्ध्या वाटेवरून खाली तलाव इतका सुंदर दिसून राहिला होता, धुकं आणि मधात ती देवळं, की मी फोटो काढायला दहा-बारा पायऱ्या पुढे गेले आणि तशीच पुढच्या मुलींसोबत बोलत चालू लागले. वर पोचल्यावर मी विचारलं, सगळ्या आल्या का? सगळ्या ओरडल्या, हो! नंतर मॅडमनी बोट दाखवून मोजल्या तर एक कमी. पोटात गोळा येणे म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मी धावत खाली गेले, ती सहावीतली पोट्टी एका वळणावर भिंतीला टेकून उभी होती, लेस बांधायला बसली होती आणि समोर तीन माकडं येऊन बसली, तर ती हलेचना. रडत पण नव्हती. मला पाहिल्यावर म्हणाली, "मावशी मी हाक मारली होती." बारा मिनिटं ती तिथे एकटी होती. ते वाक्य अजून माझ्या कानात आहे.

म्हणून "सगळ्या आल्या का" हे विचारणं आम्ही बंद केलं. प्रत्येकीला बसमध्येच नंबर देतो, १ ते २३, नंबर ओरडून मोजणी होते, पेट्रोल लीडर, म्हणजे मुलींच्या टोळीची प्रमुख, आपापल्या मुली मोजते, आणि त्यावर एक मोठा माणूस बोटाने डोकी मोजतो. तिन्ही आकडे जुळले तरच पुढे. चालताना मोजायचं नाही, थांबवून मोजायचं. बसमध्ये चढताना, उतरल्यावर, देवळात जाताना, निघताना, बाथरूमहून आल्यावर. एका दिवसात आम्ही १९ वेळा मोजलं, मी वहीत लिहून ठेवते, वेळ आणि आकडा. आणि शेपटीचा फोन बॅगेत. माकडांसाठी नियम साधा आहे, हातात खाऊ नको, पिशवी नको, डोळ्यात डोळे घालून पाहायचं नाही, दात दाखवून हसायचं नाही.

गडावर केवल नरसिंहाचं देऊळ आहे, वाकाटकांच्या काळातलं, म्हणजे ५व्या शतकातलं. तिथे मॅडमनी मुलींना प्रभावतीगुप्ता राणीबद्दल सांगितलं, दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक, नवरा लवकर गेला, मुलं लहान, तर राज्यकारभार तिने स्वतः पाहिला, आणि राजधानी नंदिवर्धन, म्हणजे हे खाली दिसते ते आपलं नगरधन. एक पाचवीतली म्हणाली, मॅडम म्हणजे ती पेट्रोल लीडर होती. मॅडम म्हणाल्या हो बाळा, तशीच.

बारानंतर ऊन चढलं आणि एकीला चक्कर आली. डिसेंबरात ऊन लागते का, असं वाटते, पण कारण ऊन नव्हतंच. ती सकाळपासून पाणीच प्यायली नव्हती, कारण बाहेर बाथरूमला जायला नको. मोठ्या मुली हे सर्रास करतात आणि सांगत नाहीत. पुरुष लीडरच्या तर हे लक्षातच येत नाही, त्यांचा दोष नाही, पण यायला पाहिजे. आता आम्ही वाटेतली स्वच्छ बाथरूमं आधीच एक माणूस पाठवून पाहून ठेवतो आणि मुलींना सांगतो की इथे, इथे आणि इथे थांबणार आहोत, मग त्या पाणी पितात. ओआरएसची पाकिटं सोबत असतात, नसली तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. घोट घोट पाजलं, सावलीत निजवलं, अर्ध्या तासात बाई उठून बसली आणि पेरू मागू लागली. सॅनिटरी पॅडची थैली माझ्या सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात असते, मागायची गरज नाही, काढून घ्यायचं, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाकते. या कॅम्पमध्ये एकीला पहिल्यांदा पाळी आली. ती थैली नसती तर ती पोट्टी दोन दिवस कुणाला काही न सांगता राहिली असती.

आता पोरींवर सोडायच्या गोष्टी. पेट्रोल म्हणजे ६ ते ८ मुलींची टोळी, त्यांच्यातलीच एक लीडर. स्काऊट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेलने १९०७ साली इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर २० मुलांचा पहिला कॅम्प घेतला तेव्हापासूनची ही पद्धत, ४ पेट्रोल पाडले होते त्याने. आपल्या नागपूरचं पण याच्याशी जुनं नातं, इथल्या हायकोर्टाचे चीफ जस्टिस राहिलेले आणि नंतर सुप्रीम कोर्टात गेलेले विव्हियन बोस हे भारत स्काऊट्स अँड गाईड्सचे राष्ट्रीय आयुक्त होते. मला हे तीन वर्षांआधी माहीत नव्हतं.

तर संध्याकाळी रोडगे करायचे होते. मोगरा, कमळ आणि झेंडू, तीन पेट्रोल, तीन चुली, तीन ढीग गोवऱ्यांचे, शाळेच्या मैदानात झाडांपासून लांब. लांब यासाठी की वर आग्या मोहोळ असलं आणि धूर गेला तर पळता भुई थोडी होते, म्हणून चूल पेटवायच्या आधी मान वर करून प्रत्येक झाड पाहायचं. प्रत्येक चुलीजवळ एक बादली पाणी, ओढण्या काढून ठेवलेल्या, वेण्या बांधलेल्या. एवढं आम्ही पाहिलं. बाकी सगळं त्यांचं.

मोगऱ्याच्या गोवऱ्या ओल्या निघाल्या. नुसता धूर. लीडर नववीतली, ती फुंकून फुंकून लाल झाली, डोळ्यातून पाणी, बाकीच्या भोवती उभ्या राहून सल्ले देऊन राहिल्या. नव्या काकू उठल्याच, म्हणाल्या मी लावून देते दोन मिनिटात. मी त्यांचा हात धरला. खरं सांगते, मला पण उठायचं होतं, पोरी उपाशी आहेत, अंधार पडला, आणि मला लहानपणापासून चूल पेटवता येते. पण आम्ही चौघी तिथेच बसून राहिलो. वीस मिनिटांनी त्या लीडरने ढीग पूर्ण मोडला, गोवऱ्या फोडून आतल्या कोरड्या बाजू वेगळ्या केल्या, एकीला झेंडूकडे पाठवलं, ती पत्र्यावर चार जळते निखारे घेऊन आली, आणि कोरडे तुकडे त्याच्यावर तिरपे उभे केले. पेटलं. मग जाळ बसेपर्यंत थांबल्या आणि राखेत रोडगे पुरले. बाहेरून काळे, एका बाजूने कच्चे, पण तूप घालून वांग्याच्या भाजीसोबत रात्री साडेनऊला जे खाल्ले! त्या लीडरने पहिला रोडगा सगळ्यात लहान पोरीला फोडून दिला, राख झटकून, फुंकून. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

रात्र मात्र पूर्ण आपली. शाळेची खोली, सतरंज्या भिंतीपासून हातभर दूर, दाराखाली गोणपाट, अंथरूण झटकून मगच टाकायचं, बूट सकाळी उलटे करून आपटून घालायचे, अंधारात टॉर्चशिवाय पाऊल नाही. मण्यार रात्रीच फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि दुखत पण नाही फारसं, म्हणून कुणी रात्री पोटात दुखते, डोळे उघडत नाहीत म्हणालं तर थांबायचं नाही. चिरा नको, चोखणे नको, आवळून दोरी नको, हातपाय हलू द्यायचा नाही आणि १०८ ला फोन. कोणत्या दवाखान्यात सापाची लस आहे आणि गाडीने किती वेळ लागतो, हे दिवसा उजेडी विचारून ठेवायचं. आम्ही एसटीवाल्या दादांना पण मुक्कामी ठेवून घेतो, गाडी रात्रभर तिथेच.

अकरा वाजता एक रडायला लागली, आईची आठवण. मी तिला घेऊन बाहेर ओट्यावर बसले, लाईटखाली, आणि एका मॅडमना हाक मारून दारात बसवलं. हा नियम मी कधीच मोडत नाही, एक मोठा माणूस आणि एक मूल बंद खोलीत किंवा अंधारात एकटे नको, मग ती बाई असो की सर, कितीही विश्वासाचे असो. मुलांची काळजी यात आहेच आणि आपली पण. फोन लगेच लावून दिला नाही, आधी पाणी पाजलं, तिच्या कुत्र्याचं नाव विचारलं, अर्धा तास कुत्र्याबद्दल बोललो. मग ती म्हणाली झोपते.

रविवारी नगरधनचा किल्ला पाहिला, जेवलो, निघालो. सहा वाजता नागपूर. गेटवर पण नियम आहे, मुलगी घरच्यांच्या हाती, वहीत सही, तेव्हाच नंबर खोडायचा. साडेसहापर्यंत २२ सह्या झाल्या. तेवीसवीचे बाबा ड्युटीवरून यायचे होते, आणि एकाच मोठ्या माणसाला थांबवून बाकीच्यांनी जायचं नसते, दोन मोठ्यांनी थांबायचं. नव्या काकू म्हणाल्या ताई मी थांबते. आम्ही तिघी फाटकाच्या दगडावर बसलो, पोट्टीने सॅकमधून एक उरलेला रोडगा काढला, पार दगड झाला होता, तो तिघींनी फोडून खाल्ला. सात वाजून दहा मिनिटांनी बाबा आले, सही केली, आणि काकूंनी माझ्या हातून पेन घेऊन २३ वर काट मारली.