पन्हाळा ते मसाई पठार: ऑक्टोबरच्या विजांचा हिशेब

पावनखिंडीच्या मोहिमा जुलैच्या धो धो पावसात जातात, पण तो पाऊस बहुतेक वेळा मुका असतो. गडगडाट असतो तो एप्रिल-मेच्या वळवात आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात. नेमकी तेव्हाच मसाई पठारावर फुलं असतात आणि शनिवार-रविवारी कोल्हापूरकर तिकडं लोटतात. हा वृत्तांत त्याच ऑक्टोबरच्या वाटेचा आहे. वाट सोपीच आहे, अवघड आहे ते फक्त आभाळ.

कोल्हापूर ते पन्हाळा वीसेक किलोमीटर, वाघबीळमार्गे. गडाच्या पश्चिमेच्या पुसाटी बुरुजाकडून उतरून तुरुकवाडी, म्हाळुंगे आणि मग पठाराचा चढ. निघायची वेळ सकाळी सहा, सातच्या पुढं नकोच. कारण उन्हाचं नाही, ढगांचं आहे. जमीन तापते, दमट हवा वर चढते आणि दुपारी तीन ते सातच्या दरम्यान ती फुटते. म्हणून सकाळचं निळंशार आभाळ पाहून निर्धास्त होण्यात अर्थ नाही. अकराच्या सुमारास फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे ढग रुंदीपेक्षा उंचीला जास्त वाढताना दिसले, तर दुपारचा अंदाज तिथंच कळतो. माथा ऐरणीसारखा सपाट पसरला की तो ढग विजेचा झालेलाच असतो. पठार पार करून एक वाजायच्या आत खाली उतरायचं, हा हिशेब घरून निघतानाच ठरवावा. वर गेल्यावर फुलांचे फोटो काढण्यात तो हमखास बिघडतो.

पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं तयार केलेलं 'दामिनी' ॲप फोनमध्ये असावं. तुमच्याभोवती २० आणि ४० किलोमीटरच्या आत कुठं विजा पडताहेत ते त्यात दिसतं. ते म्हाळुंग्यात चढ सुरू करण्यापूर्वी उघडायचं, वर रेंजच्या भरवशावर राहायचं नाही. ॲप नसलं तरी कान आहेत. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीननं भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंद म्हणजे दहा किलोमीटर. हे अंतर बरंच वाटतं, पण पुढची वीज तेवढंच अंतर तोडून तुमच्यावर पडू शकते. म्हणून पायथ्याशी पहिला गडगडाट ऐकला की चढायचंच नाही. शेवटच्या गडगडाटानंतर पूर्ण ३० मिनिटं थांबायचं, मधे पुन्हा आवाज आला तर घड्याळ पुन्हा शून्यापासून.

इतका कडक नियम कशासाठी, ते पठारावर पाय ठेवल्यावर कळतं. मैलोन्‌मैल सपाट जांभा दगड, त्यावर गुडघ्याएवढं गवत आणि उभं असलेलं सगळ्यात उंच म्हणजे माणूस किंवा म्हैस. पण वीज थेट डोक्यावर पडण्यापेक्षा मोठा धोका जमिनीतून येतो. जांभा वीज नीट खाली जाऊ देत नाही. पावसानं भिजलेला वरचा पातळ थर आणि डबकी मात्र वाहक होतात, त्यामुळं प्रवाह खोल न मुरता आडवा पसरतो. जिथं वीज पडली तिथून दूर जावं तसा जमिनीतला विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, घटत जातो. तुमचे दोन पाय एकमेकांपासून लांब असतील, तर त्या दोन बिंदूंमधल्या दाबाच्या फरकानं प्रवाह एका पायातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडतो. जनावरांच्या पुढच्या-मागच्या पायांतलं अंतर मोठं आणि काळीज त्याच वाटेवर, म्हणून एका विजेत कळपच्या कळप आडवा होतो.

सापडलातच, तर आधी पठाराच्या कडेला, उताराकडं चालू लागा. थांबून विचार करू नका. एकट्या झाडाखाली, कुंपणाच्या तारेजवळ किंवा डबक्यात उभं राहू नये. देवीच्या देवळाच्या ओट्यावरचा आडोसा पावसापुरता आहे, विजेपासून तो वाचवत नाही. पांडवदऱ्याच्या लेण्यांचंही तसंच. उथळ कपारीत वीज वरच्या कड्यावरून खाली येताना तोंडाशी उडी मारते, आणि तिथंच ओणवा बसलेला माणूस तिची वाट होतो. गटानं जवळजवळ न चालता एकमेकांत पंधरा मीटर अंतर ठेवा, म्हणजे सगळे एकदम पडणार नाहीत आणि उठवायला कुणीतरी उरेल. केस उभे राहिले, कातडीला मुंग्या आल्या, तर पावलं जुळवून, टाचा चिकटवून उकिडवं बसा, हात गुडघ्यांवर. आडवं होऊ नका. हा उपाय शेवटचा आहे. धोका थोडा कमी होतो, इतकंच.

खरा आसरा दोनच: पक्कं, वायरिंग-नळ असलेलं घर, किंवा पत्र्याच्या छताची बंद गाडी. एसटी चालते. काचा वर, हात लोखंडावर नकोत. मोटरसायकल चालत नाही. गाडीत वाचवतो तो पत्रा. रबरी टायरचा त्यात काही वाटा नाही, तेच चपलेचं. बंद पडलेल्या किंवा चालू मोबाईलकडं वीज ओढली जात नाही, मात्र चार्जरला लावलेला फोन कानाला धरू नये. आणि पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या, माणसाला सोबत नेऊ नये, त्याच्यावर वीज पडते, हे अजून कुणी ना कुणी सांगतंच. त्याला खुशाल न्या.

कुणावर वीज पडलीच, तर त्याच्या अंगात ती साठून राहत नाही, लगेच हात लावा. अनेक जण पडले असतील तर कण्हणाऱ्यांना मागं ठेवून निपचित पडलेल्यांकडं आधी धावा, हे इतर अपघातांच्या उलट आहे. विजेत हृदय थांबून बऱ्याचदा आपोआप सुरू होतं, पण श्वास बंदच राहतो आणि त्यानं हृदय पुन्हा थांबतं. छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, ३० दाबांनंतर २ श्वास. डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या आणि पाय निळे-गार दिसले म्हणून सोडू नका, विजेनं काही काळ तसं होतं. सोबत १०८ ला फोन.

मुक्काम पन्हाळ्यावर असेल तर घर निवडताना भिंतीकडं एक नजर टाका. छतावर वीजरोधकाची सळई दिसली म्हणजे झालं असं नाही, तिथून जमिनीपर्यंत काय येतं ते पाहायचं. सळईला पाच काटे असोत की एक, फरक पडत नाही. शंभर मीटरपर्यंत संरक्षण देणाऱ्या महागड्या सळईच्या जाहिरातीला वीजसंरक्षणाच्या ६२३०५ या आयएस/आयईसी मानकात आधार नाही. त्या मानकाची रीत वेगळी: साध्या घरासाठी ४५ मीटर त्रिज्येचा गोळा छतावरून लोळवल्याची कल्पना करायची, तो जिथं टेकेल तिथं वाहक हवा. खाली येणाऱ्या पट्ट्या निदान दोन, समोरासमोरच्या कोपऱ्यांवर, एकमेकींत साधारण १५ मीटर. पट्टी जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) २५ बाय ३ मिलिमीटर, दर मीटरला क्लिप, वळण मोठ्या गोलाईचं. छज्ज्याला वळसा घालताना काटकोन केला की वीज तो वळसा सोडून सरळ भिंतीतून जाते. तांबं आणि जीआय थेट जोडलं की दोन-तीन पावसाळ्यांत सांधा गंजतो, मधे द्विधातू क्लॅम्प लागतो.

पठारावर जो जांभा नडतो तोच इथं अर्थिंगला नडतो. तीन मीटरची सळई ठोकायला जावं तर दीड मीटरवर दगड लागतो. मिस्त्री ती वरून कापतो, आणि वर सिमेंट लावलं की कुणाला कळतही नाही. अशा जागी खोल जायचा हट्ट सोडून घराभोवती पट्टीचं कडं टाकावं: भिंतीपासून एक मीटर, जमिनीखाली अर्धा मीटर, भोवती बेंटोनाइट ही ओल धरणारी माती. अर्थिंगच्या रोधाची मोजणी १० ओहमच्या आत हवी, आणि ती मेमध्ये घ्यायची. ऑगस्टच्या ओल्या मातीतला आकडा फसवा असतो. मोजता यावं म्हणून पट्टीत जमिनीपासून मीटर-दीड मीटरवर सुटणारा सांधा ठेवतात.

सगळ्यात जास्त चूक होते ती पुढं. वीजरोधकाचं अर्थिंग वेगळं, मीटरचं वेगळं, आणि दोन्ही जोडलेली नसतात. वीज पडल्यावर एक अर्थिंग हजारो व्होल्टनं उचललं जातं, दुसरं जागेवरच राहतं, आणि ठिणगी फ्रीजमधून उडते. दोन्ही अर्थिंग, टाकीचा पाइप, सोलरची चौकट हे सगळं एकाच पट्टीला बांधलं पाहिजे. मुख्य बोर्डावर टाइप १ चा सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे वायरीतून आलेला विजेचा लोंढा अर्थिंगकडं वळवणारं उपकरण, त्याच्या दोन्ही वायरी मिळून अर्ध्या मीटरच्या आत. वायर लांबली की प्रोटेक्टर असून नसल्यासारखा. उतरत्या पट्टीपासून तीन मीटरच्या आत पावसात कुणी उभं राहू नये. अंगणात तिथंच बाक असेल तर खाली १५ सेंटीमीटर खडीचा थर टाकावा किंवा बाक हलवावा. बाक हलवणं स्वस्त पडतं.