सोल न झिजवता सोल

रात्रीची भांडी आवरली की मी सोलला जाते. दक्षिण कोरियाच्या राजधानीत, तेही चपलेचा सोल न झिजवता. यूट्यूबवर असे व्हिडिओ ढिगाने आहेत. कुणीतरी कॅमेरा धरून तास-दीड तास नुसतं चालतं. बोलणं नाही, तोंड दाखवणं नाही, मागे गाणंसुद्धा नाही. आपण सोफ्यावर पाय वर घेऊन त्याच्या पायांनी हिंडायचं. माझ्या गुडघ्याच्या डॉक्टरांना हा व्यायाम मान्य नाही, पण गुडघ्याची काही तक्रार नाही.

माझा आवडता रस्ता म्हणजे चॉन्गग्येचॉन. रस्ता कसला, ओढाच तो. भर शहरात, रहदारीच्या एक मजला खाली वाहणारा. एकेकाळी त्याच्यावर काँक्रीट घालून वर उड्डाणपूल बांधला होता. २००३ मध्ये तो पूल पाडायला घेतला आणि २००५ मध्ये ओढा उघडा झाला, जवळजवळ सहा किलोमीटर. जुन्या उड्डाणपुलाचे तीन खांब तेवढे आठवण म्हणून उभे ठेवलेत. आमच्या सोसायटीमागचा ओढा अजून स्लॅबखालीच आहे, त्यामुळे मला हे बघताना जरा जळायलाच होतं. मग कळलं, की त्यातलं बरंचसं पाणी हान नदीतून पंपाने आणून सोडतात. म्हणजे तसा मोटारीचाच ओढा! जळफळाट थोडा कमी झाला.

या ओढ्यावर ग्वांगथोंग नावाचा दगडी पूल आहे. त्याच्या खालून जाताना मी हटकून पॉज करते. भिंतीतल्या दगडांवर सुरेख नक्षी कोरलेली, पण काही दगड चक्क उलटे बसवलेले. १४१० साली थेजोंग राजाने आपल्या सावत्र आईच्या थडग्याचे दगड काढून या पुलाला लावले. तिने स्वतःच्या मुलाला युवराजपद मिळवून दिलं होतं, त्याचा राग. बाई जाऊन चौदा वर्षं झाली होती! भाऊबंदकीला कुठल्याही देशाचं पाणी मानवतं. चालणाऱ्या गड्याला मात्र या कशाचं काही नाही, दहा सेकंदांत पूल मागे.

इथेच माझं आणि त्याचं बिनसतं. वळायचं कधी, थांबायचं कुठे, सगळं त्याच्या मर्जीवर. ग्वांगजांग मार्केटमध्ये तर रोजचं भांडण. तिथे बायका बिंदेत्तोक करतात. भिजवलेले मूग जात्यावर वाटायचे, जातं मोटारीवर गरगरत असतं आणि कडेने पिवळसर पीठ ओघळतं. त्या पिठाचं जाडजूड धिरडं सढळ तेलात तळायचं. मूग! आपलेच की. तव्यावर कडा लाल व्हायला लागतात, बाई उलथनं खाली सारते आणि नेमका त्याच वेळी हा पठ्ठ्या शेजारच्या शेवयांकडे वळतो. "अरे, उलटू तर दे तिला!" मी ओरडते. आतून ह्यांचा आवाज, "कोण आलंय?"

परवा दुसराच कुणी चालणारा सापडला. हा तव्यापाशी थांबला. बाईंनी धिरडं उलटलं. खालची बाजू चांगलीच करपली होती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, करपलेली बाजू खाली घालून धिरडं ताटलीत ठेवलं आणि हसून गिऱ्हाइकापुढे सरकवलं. मी टीव्हीपुढे बसून मनापासून मान डोलावली.