लॉगिन केल्यावर चालते, लांबून चालत नाही

मोटारीच्या स्टार्टरपेटीजवळ रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा संगणक, पुढे नुसता 'पाय') बसवून त्याला लावलेल्या रिलेने (विजेवर चालणाऱ्या स्विचने) स्टार्टरची कंट्रोल वायर जोडली, की घरबसल्या लॅपटॉपवरून एसएसएचने (लांबच्या संगणकाला सुरक्षितपणे कमांड देण्याच्या सोयीने) ठिबकची मोटार चालू-बंद करता येते. जालना-बीडकडे थ्री फेज लाईट कधी रात्री येते, त्यामुळे ही सोय फार मोलाची. पण पायवर लॉगिन करून नीट चालणारी स्क्रिप्ट (कमांडची फाइल) लांबून एका ओळीच्या एसएसएच कमांडने चालवली की अडते.

लगेच रीस्टार्ट करू नका. आधी एक्झिट कोड (कमांड कशी संपली ते सांगणारा आकडा) बघा: कमांड संपताच लॅपटॉपवर इको, डॉलर, प्रश्नचिन्ह (echo $?) टाइप करा. २५५ म्हणजे बहुतेक वेळा एसएसएचचंच कनेक्शन फसलं. नेटवर्क आणि एसएसएच की (लॉगिनची किल्ली-फाइल) तपासा. १२७ म्हणजे कमांड सापडली नाही. १२६ म्हणजे सापडली, पण चालवता आली नाही. १ आला तर गडबड बहुधा स्क्रिप्टच्या आत आहे.

१२७ चं मूळ बहुधा शेलमध्ये (कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) असतं. लांबून पाठवलेली कमांड इंटरॅक्टिव्ह शेलमध्ये, म्हणजे आपण समोर बसून टाइप करतो तशा शेलमध्ये, चालत नाही. लॉगिनच्या वेळी वाचली जाणारी प्रोफाइल फाइल वाचलीच जात नाही, आणि बॅशआरसी या शेलच्या सेटिंग फाइलच्या सुरुवातीलाच 'इंटरॅक्टिव्ह नसेल तर परत फिर' अशी अट असते. त्याखाली लिहिलेला पाथ (कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायची ती यादी) वाया जातो. स्क्रिप्ट पायथनची असेल तर तिचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटही (तिला लागणारी मॉड्यूल ठेवलेलं वेगळं फोल्डर) सुरू झालेलं नसतं; मग मॉड्यूल सापडत नाही आणि कोड १ येतो. उपाय सोपा: त्या एन्व्हायर्नमेंटच्या बिन फोल्डरमधल्या पायथनचा पूर्ण पाथ (पूर्ण पत्ता) द्या, स्क्रिप्टचाही पूर्ण पाथ द्या.

कमांड डबल कोटमध्ये असेल तर डॉलरवाल्या नावांच्या जागी लॅपटॉपवरच्याच किमती भरल्या जातात आणि पायला भलताच पाथ जातो. सिंगल कोट वापरा.

सुडो, म्हणजे रूटच्या (सर्वाधिकारी युजरच्या) अधिकाराने कमांड चालवणारी कमांड, पासवर्ड विचारायला टर्मिनल मागते. हाताने चालवताना एसएसएचला मायनस टी (-t) हा पर्याय पुरतो. आपोआप चालवायचं असेल तर विसुडोने (सुडोचे नियम बदलण्याच्या कमांडने) फक्त त्या एका स्क्रिप्टला पासवर्डमाफी द्या. स्क्रिप्ट आणि तिचं फोल्डर मात्र रूटच्या मालकीचं हवं. नाहीतर साध्या युजरला ती बदलून रूटचे सगळे अधिकार मिळतात.

सगळ्यात महत्त्वाचं: मोटार बंद करण्याचं काम लॅपटॉपच्या भरवशावर ठेवूच नका. रेंज गेली तर बंदची कमांड पोचणार नाही आणि विहीर कोरडी पडून मोटार जळेल. सिस्टमडी-रन या ठरल्या वेळी काम लावणाऱ्या कमांडच्या ऑन-ॲक्टिव्ह पर्यायाने, समजा ३० मिनिटांनी, बंदची स्क्रिप्ट पायवरच लावा. टायमर लागल्याची खात्री झाली की मगच चालूची कमांड द्या.

कनेक्शन मधूनच तुटत असेल तर पायला पुरेसं व्होल्टेज मिळतंय का ते बघायला पायवरच्या व्हीसीजेनकमांडने (vcgencmd) गेट-थ्रॉटल्ड (get_throttled) विचारा. उत्तर शून्य-एक्स-शून्य आलं तर ठीक. शून्य-एक्स-५०००५ म्हणजे आत्ता व्होल्टेज कमी आहे. शून्य-एक्स-५०००० म्हणजे पाय सुरू झाल्यापासून कधीतरी कमी झालं होतं. पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा ॲडॉप्टर लागतो. मोबाइलचा चार्जर आणि लांब, बारीक केबल इथे चालत नाही. व्होल्टेज ठीक असेल तर वायफायचं पॉवर सेव्ह (वीज वाचवण्याची सेटिंग) बंद करून बघा.